कोल्हापूरची टॉकीज: पडद्याच्या अलीकडची माणसं कुणी लिहून ठेवली आहेत का?

मंगळवारपेठी

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. पाहुणा आला की आपण त्याला तिथं थांबवतो आणि अभिमानानं सांगतो की बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ आला, टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. सांगायलाच पाहिजे. परवा मी पोरीला हेच सांगत होतो. सगळं ऐकून घेतलं आणि तिनं विचारलं, "पण बाबा, तुम्ही पिक्चर बघायला कुठं जायचा?" त्यावर दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. फोटो नाही, तिकीट नाही, खुर्चीवरचा नंबरसुद्धा नाही.

ज्यांनी पिक्चर काढले त्यांची नोंद आपल्या गावानं ठेवली. ज्यांनी तो रोज चार वेळा दाखवला, त्यांची नाही. म्हणून हा धागा.

आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर टॉकीज होतं. बुकिंगची खिडकी म्हणजे भिंतीतलं एक भोक, त्याला लोखंडी पट्टी. पैसे मुठीत धरून हात आत घालायचा. आतला माणूस मूठ उघडून पैसे घ्यायचा, तिकिटं ठेवायचा आणि मूठ मिटून द्यायचा. हात बाहेर काढताना बोटांची सालं निघायची, कारण मागून शंभर माणसांचा रेटा. तिकीट पतंगाच्या कागदासारखं पातळ, त्यावर लाल पेन्सिलीनं नंबर. थर्ड क्लासला नंबर नसायचा, जो पळंल त्याचा बाक.

आत गेलं की दाराला जाड काळा पडदा. तो बाजूला करताना नाकात जो वास जायचा तो मी आजही ओळखीन. विडी, ओला कोबा, शेंगांची टरफलं आणि कुणाच्या तरी डोक्याचं तेल. दिवे गेले की आधी काचेच्या स्लाइडवरच्या जाहिराती, कापडाचं दुकान, सराफ, दंतमंजन. मग फिल्म्स डिव्हिजनची वार्ता, त्यात कुठंतरी पूर आलेला असायचा आणि कुठल्यातरी धरणाचं उद्घाटन. ते संपेपर्यंत थर्डवाल्यांचा जीव वर आलेला असायचा.

ज्यांना आठवतंय त्यांनी लिहा. पिक्चरची नावं मिळतात, ती कुठंही सापडतील. मला टॉकीजमधली माणसं पाहिजेत. डोअरकीपर, बॅटरीवाला, सोडावाला, बोर्ड रंगवणारे, केबिनमधले ऑपरेटर.

रंकाळ्याची पोर

दादा, बायकांची खिडकी वेगळी असायची, ती विसरलात. तिथं गर्दी कमी. त्यामुळं शुक्रवारी पिक्चर लागला की गल्लीतली मोठी पोरं आईच्या मागं लागायची, "काकी, आमची पण चार काढा की." आई पदर खोचून निघायची, मी तिच्या बोटाला. एका बाईला किती तिकिटं द्यायची यावरून खिडकीतल्या माणसाशी तिचा वाद ठरलेला. वाद ती जिंकायची.

आईला घरात स्वतःच्या हातात पैसा असा नसायचा, पण टॉकीजच्या आवारात ती वेगळीच बाई असायची. डोअरकीपरमामा तिला नावानं ओळखायचे. तान्ह्या बाळाची बाई असली तर ते तिला दाराजवळची कडेची खुर्ची द्यायचे, बाळ रडलं तर चटकन बाहेर जाता यावं म्हणून. आणि बाहेर गेली तर परत आल्यावर मधलं काय झालं ते हळूच सांगायचे. सगळा पिक्चर तोंडपाठ. दिवसाला चार खेळ उभ्यानं बघणारा माणूस तो!

१९९१ ला ‘माहेरची साडी’ आला तेव्हा मी शाळेत होते. खेड्यातनं टेम्पो भरभरून बायका आलेल्या, डबे घेऊन. बारा ते तीनचा खेळ सुटायचा आणि सगळ्या डोळे पुसत बाहेर, तर तीनच्या रांगेतल्या बायका त्यांच्याकडं बघूनच रडायला लागायच्या. त्या गर्दीत हरवलेली पोरं मामा बुकिंगच्या टेबलावर बसवून ठेवायचे आणि हातात लिमलेटची गोळी द्यायचे. मी स्वतः त्या टेबलावर बसलेली आहे.

रात्रीचा खेळ सुटला की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. समोर म्हैस पिळून फेसासकट पेला हातात. पिक्चरएवढंच ते पण पाहिजे असायचं आम्हाला.

पंचगंगाकाठ

खूप छान धागा. एक भर. प्रभात फिल्म कंपनी पण आपलीच, जरी ती पुण्यात सुरू झाली तरी तिचे सगळे लोक कोल्हापूरचे.

मंगळवारपेठी

पंचगंगाकाठ, प्रभात सुरूच कोल्हापुरात झाली. १ जून १९२९. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे चौघे बाबूरावांच्या कंपनीतून बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्णी पाचवे. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा मराठीतला पहिला बोलपट इथलाच. पुण्याला ते १९३३ मध्ये गेले.

पण प्रभातवर आणि जयप्रभा स्टुडिओवर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथं टॉकीजवरच राहू या.

कागलकडचा

आमच्यासाठी कोल्हापूरचं टॉकीज म्हणजे आधी एस्टीचं गणित. शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर मुक्काम. त्यामुळं सहाच्या खेळाला जायचं आणि शेवटची दहा मिनिटं बघायचीच नाहीत, असं आमच्या गावातल्या कितीतरी जणांचं झालंय. खून कुणी केला ते दुसऱ्या दिवशी रानात विचारायचं. कुणीतरी मुक्कामाला राहिलेला असायचाच.

त्याच्याही आधी उरुसातला तंबू. राहुटी, मधे पडदा, प्रोजेक्टर ट्रकमध्ये. पडद्याच्या पलीकडच्या बाजूनं बसलं तर चित्र उलटं दिसायचं, हिरो डावखुरा आणि अक्षरं उलटी, पण तिकडंही माणसं बसायचीच. तंबू हलला की रानात फिल्मचे तुकडे सापडायचे. बल्बचं टोपण काढून आतला काच-तार साफ करायची, पाणी भरायचं, त्याच्यामागं फिल्म धरायची आणि आरशानं उन्हाची तिरीप तिच्यावर मारायची. घराच्या भिंतीवर चित्र. हलायचं नाही, पण रंग यायचे. आमची आजी त्या भिंतीला हात लावून बघायची.

केबिनवाला

मुलीनं हे सगळं वाचून दाखवलं. मी सांगतोय तसं ती टाइप करत्येय. मी ऑपरेटर होतो. लायसन होतं. टॉकीजचं नाव लिहीत नाही, मालकांच्या पुढच्या पिढीशी माझं काही भांडण नाही.

तुम्ही सगळ्यांनी केबिन खालनं बघितली, भिंतीतली दोन चौकोनी भोकं. आत दोन मशिनी असायच्या. एकीवरचं रीळ संपत आलं की दुसरी चालू करायची. पिक्चर पुढं सरकतो मिनिटाला नव्वद फूट, सेकंदाला चोवीस चित्रं. दोन हजार फुटांचं रीळ म्हणजे बावीस मिनिटं. मग संपायच्या सात-आठ सेकंद आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका यायचा. तो आला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू. मग दुसरा ठिपका, आणि झडप बदलायची. हिची बंद, तिची उघडी. बरोबर जमलं तर खाली बसलेल्या हजार माणसांत एकालाही कळत नाही. हे जमणं म्हणजे ऑपरेटर. ते ठिपके कधी कुणी बघितलेत का, ते सांगा.

उजेड बल्बचा नव्हता. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे एवढीशी फट, तिच्यात वीज उडी मारायची. वेल्डिंगला बघता तसला उजेड. मागं गोल आरसा, तो सगळा उजेड फिल्मवर आणून टाकायचा. कांड्या जळत जळत आखूड व्हायच्या, फट वाढली की पडदा पिवळा पडायचा. म्हणून सारखं काळ्या काचेतनं बघत चक्री फिरवायची. एक डोळा कांडीवर, एक पडद्यावर. उन्हाळ्यात केबिनमध्ये बनियनसुद्धा सहन व्हायची नाही. धूर जायला वर धुराडं असायचं, तरी कार्बनची राख नाकात. घरी गेल्यावर रुमालाला काळं.

जळलेल्या कांड्यांचे तुकडे पोरं मागायला यायची, त्यावरच्या तांब्याच्या पत्र्यासाठी. मी देत होतो.

फिल्म तुटली की खालनं शिट्ट्या. तेव्हा फिल्म त्या उजेडासमोर थांबून चालत नाही, क्षणात भाजते. तुम्हाला पडद्यावर एक तपकिरी डाग फुगत जाताना दिसला असेल, ते तेच. झडप पाडायची, तुटलेली टोकं सरळ कापायची, एका टोकाचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, ब्लेडनं खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं आणि मनात दहा अंक मोजायचे. घाई केली तर परत तुटतंय. शिट्ट्या ऐकू येत असताना दहा अंक मोजणं फार अवघड आहे.

रंकाळ्याची पोर

काका, अंगावर काटा आला वाचून. आम्ही पण शिट्ट्या मारणाऱ्यांतले. अजून लिहा, ताईला टाइप करायला सांगा.

एक विचारायचं होतं. मधेच "रीळ येत आहे" अशी पाटी लागायची ती काय भानगड होती?

केबिनवाला

एका प्रिंटवर दोन टॉकीज चालवायचे. प्रिंट महाग. एकाकडं खेळ तीनला सुरू, दुसऱ्याकडं पावणेचारला. इथलं रीळ दाखवून झालं की उलटं गुंडाळायचं, डब्यात घालायचं आणि सायकलवाला पोरगा ते घेऊन पळायचा. लक्ष्मीपुरीतनं निघाला की महापालिका, पापाची तिकटी, गंगावेस. कॅरिअरला डबा बांधायचा, पावसात वर बारदान. गणपतीत मिरवणूक आडवी आली की त्याला उतरून डबा डोक्यावर घ्यावा लागायचा. लोक त्याला वाट करून द्यायचे, कारण अर्ध्यांना माहीत असायचं डब्यात काय आहे ते.

त्या पोराला कधी कुणी थिएटरात बसून पिक्चर बघू दिला नाही. रिळं कुठल्या क्रमानं जातात त्यावरनं त्यानं गोष्ट जुळवलेली असायची. पुढं तो माझ्या हाताखाली आला, मशीन शिकला, लायसन काढलं. माझ्यापेक्षा चांगलं बदलायचा.

उत्तरेश्वर

मी ठिपके बघितलेत काका. वडील दाखवायचे. "आता बघ, कोपऱ्यात." ते स्वतः बोर्ड रंगवायचे, त्यामुळं आम्हाला पास असायचा.

बोर्डाचं काम लिहितो. गुरुवारी रात्री जुना बोर्ड उतरायचा, शुक्रवारी सकाळी नवा चढला पाहिजे. दहा-बारा फूट उंचीचा मांजरपाट लाकडी चौकटीवर ताणलेला. नवं कापड परवडायचं नाही, म्हणून जुन्या पिक्चरवरच खडूची पूड आणि सरस यांचा पांढरा हात मारायचे. एका कापडावर असे किती हिरो गाडले गेलेत. ऊन पडलं की खालच्या नटीचे डोळे वरच्या व्हिलनच्या गालातनं दिसायला लागायचे.

वितरकाकडनं छोटे फोटो यायचे. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी, कापडावर निळीचा दोरा मारून तेवढ्याच मोठ्या चौकटी. मग एकेक चौकट भरत जायचं. जवळनं बघितलं तर नुसते फटकारे, गाल हिरवा, कपाळ जांभळं. वडील मला रस्त्याच्या पलीकडं पाठवायचे, "तिथनं बघ आणि सांग, माणूस दिसतोय का." मी हात वर केला की ते पुढची चौकट घ्यायचे. चेहरा वडील करायचे, कपडे हाताखालची माणसं आणि अक्षरं एक वेगळे तात्या. तात्यांना शिडीवर उभं राहून, मोजमाप न घेता, ओळ सरळ यायची.

बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे दोघे आधी नाटकाचे पडदे रंगवणारे. सिनेमा त्यांच्या हातात आला तो रंगाच्या हातानंच. बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची पोस्टर स्वतः केली. त्यामुळं या गावात बोर्ड रंगवणाऱ्याला नुसता कामगार कुणी समजत नव्हतं, ‘पेंटर’ म्हणून हाक मारायचे आणि त्यात मान असायचा. फ्लेक्स आला तेव्हा वडिलांचं काम एका पावसाळ्यात संपलं. एकही बोर्ड आज शिल्लक नाही, कारण प्रत्येकावर पुढचा रंगवला गेला.

पंचगंगाकाठ

उत्तरेश्वर, शेवटचं वाक्य वाचून थांबलोच. ‘सैरंध्री’ पण आज बघायला मिळत नाही. पिक्चर गेला, बोर्ड गेला, आणि आता जिथं तो लागायचा त्या इमारती.

व्हीनस कॉर्नर आणि उमा टॉकीज ही नावं मात्र टिकलीत. रिक्षात बसून माझा मुलगा सहज म्हणतो, "व्हीनस कॉर्नरला सोडा." तिथं व्हीनस कोण होती ते त्याला माहीत नाही. मी त्या दिवशी रिक्षातच सांगितलं. रिक्षावाल्यानं मीटर बंद करून ऐकलं, मग त्यानं त्याचंच सुरू केलं. त्याच्या वडिलांची टॉकीजबाहेर सोड्याची गाडी होती. गोटी दाबल्याचा आवाज ऐकून आतले लोक ओळखायचे की मध्यंतर होत आलं, कारण ते आधी पाच बाटल्या फोडून तयार ठेवायचे.

मंगळवारपेठी

हेच पाहिजे होतं. रिक्षावाल्यांचा नंबर असला तर त्यांच्याशी एकदा निवांत बोलून घ्या. इथं नंबर टाकू नका.

मला एक बोलायचंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. माणसं उघड्यावर रडत होती, ज्यांनी आयुष्यात एक नाटक बघितलं तेही. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर ते, सगळ्या गावाला त्याचं मोल माहीत होतं. म्हणून सकाळ व्हायच्या आत ते परत उभं करायची भाषा सुरू झाली. बरोबरच झालं. पण टॉकीज एकेक करून बंद झाली तेव्हा कुणी आलं नाही. कुलूप लागलं, पत्रे ठोकले, दोन वर्षांनी गाळे निघाले. आपण त्या गाळ्यांत कपडे घ्यायला गेलो.

इमारती सगळ्या राखता येत नाहीत, हे मला कळतं. मालकाला पण घर चालवायचं असतं. टॅक्स भरून, व्हिडिओ, केबल आणि मग मल्टिप्लेक्स यांच्याशी एकट्यानं झुंजत त्यांनी कितीतरी वर्षं रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळ लावले. पण आतलं सामान तरी? मशीन भंगारात किलोवर गेली. निदान एक मशीन, एक बुकिंगची खिडकी, एक बाक या गावात कुठंतरी लोकांना बघायला ठेवता आलं नसतं का? ज्या गावात कॅमेरा तयार झाला तिथं प्रोजेक्टर ठेवायला जागा मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

केबिनवाला

मंगळवारपेठी, माझी मशीन मी जाताना पुसून ठेवली होती. डिजिटल आलं तेव्हा सांगितलं की आता बटन दाबायचं, ते मॅनेजर दाबेल. फंडाचे पैसे मिळायला फार त्रास झाला, ते इथं नको. मशीन कुठं गेली ते मला माहीत आहे पण ते पण नको.

एक लेन्स मात्र आहे. नवीन बसवली तेव्हा जुनी मला दिली होती. पितळी नळी, जड. आणि काचेच्या स्लाइडची एक पेटी आहे. ‘हाऊसफुल्ल’, ‘मध्यंतर’, ‘धूम्रपान करू नये’, ‘पुढील आकर्षण’, आणि दुकानांच्या जाहिराती. त्यातली काही दुकानं अजून आहेत. फिल्मचे तुकडे पण आहेत एका डब्यात.

उत्तरेश्वर

काका!! त्या स्लाइडची अक्षरं कुणाची आहेत? आमच्या तात्यांनी काचेवर पण काम केलंय. ‘ध’चा वरचा वळसा मोठा असेल तर ते तात्याच.

केबिनवाला

मुलीनं पेटी उघडून बघितली. ‘धूम्रपान’मधला ‘ध’ वर मोठा फिरवलाय.

रंकाळ्याची पोर

मी आत्ता स्वयंपाक सोडून वाचत्येय. काका, त्या स्लाइड आधी नीट ठेवा. माझी नणंद ग्रंथालयात जुन्या वस्तूंचं काम बघते, तिला विचारून लिहिते. स्लाइड आडव्या एकावर एक ठेवू नका, वजनानं तडकतात. उभ्या ठेवायच्या, प्रत्येकीच्या मधे साधा पांढरा कागद. वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल लागतं. ओल्या फडक्यानं अजिबात पुसू नका, रंग पाण्याचा असला तर निघून येईल.

आणि फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येतो का ते बघा. येत असला तर तो तुकडा बाकीच्यांपासून वेगळा करा, तो कुजायला लागलाय आणि दुसऱ्यांना पण लावेल. डबा घट्ट बंद ठेवू नका. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. असल्या वस्तूंसाठी त्यांना पत्र लिहून विचारता येतं.

केबिनवाला

वास येतोय. दोन तुकड्यांना.

मंगळवारपेठी

काका, ते दोन आजच बाजूला काढा. रविवारी सकाळी मी आणि उत्तरेश्वर येतो, तुमची मुलगी आमच्या गल्लीतल्या शाळेत शिकवते ते आता लक्षात आलं, तिच्याकडनं पत्ता घेतो. प्रत्येक स्लाइडचा उजेडावर धरून फोटो काढू, मागं काय लिहिलंय त्याचा पण. तुम्ही बोला, आम्ही रेकॉर्ड करतो. स्लाइड तुमच्याकडंच राहतील, तुम्ही ठरवाल तेव्हा आणि तिथंच जातील.

रंकाळ्याची पोर, तुमच्या डोअरकीपरमामांचं कुणी घरात असेल तर विचारून ठेवा. कागलकडचा, त्या तंबूवाल्यांचं गाव कुठलं होतं आठवतंय का?

कागलकडचा

चुलत्यांना विचारतो. त्यांनी एक हंगाम त्यांच्या ट्रकवर काम केलंय. ऐंशीच्या पुढं आहेत, पण सकाळी दहाच्या आत गाठलं तर सगळं सांगतात. उद्याच जातो.